दिवाणखान्यातले मोर

मुलाकडे अमेरिकेला गेले की तो मला काही ना काही दाखवायला नेतोच. मला बघायचं असतंच असं नाही, पण त्याला दाखवायचं असतं, आणि म्हातारपणी मुलांचं एवढं तरी ऐकावं. मागच्या खेपेला त्याने खाली दक्षिणेत नेलं. मिसिसिपी नदी, तिच्या काठाचा बांध, बांधाच्या कडेने जाणारा रस्ता, आणि रस्त्यालगत ऊसमळेवाल्यांचे जुने वाडे. पांढरे खांब, लांबलचक व्हरांडे, दाराशी ओकची झाडं. दिवसभरात असे तीन वाडे पाहिले. शेवटच्यात विशीतली एक मुलगी घेरदार झगा घालून माहिती सांगत होती. झुंबर कुठून आणलं, संगमरवर कुठून, जेवणाच्या टेबलाला किती माणसं बसत. मग तिने मागच्या अंगाला नेऊन गुलामांच्या लाकडी खोल्या दाखवल्या आणि तिचा आवाज आपोआप खाली आला. मी तिला विचारलं, "बाई गं, ते हॉलमधले पडदे कुणी शिवले?" ती गोड हसली आणि म्हणाली, त्यांची नावं आम्हाला माहीत नाहीत. तिच्यावर राग नाही आला. खरं सांगायचं तर काहीच नाही आलं. मी नुसती तिच्या ओठांकडे बघत राहिले.

गाडीत मुलगा म्हणाला, "आई, कंटाळलीस ना?" म्हटलं, "नाही रे, लग्नाआधी मी हेच काम करायचे." त्याला ठाऊकच नव्हतं. मी तरी कधी सांगितलं होतं? सांगण्यासारखं काय होतं त्यात? आता आधीच सांगून ठेवते, त्या खोल्यांतली माणसं विकत घेतलेली होती, आमची नव्हती. माझे बाबा पगार घेत होते, युनियनची वर्गणी भरत होते आणि दिवाळीला बोनस कमी आला तर मालकाचा उद्धार करत होते. उगाच कुणी दोन्हींची मोट बांधू नये. पण त्या पोरीचं ते पाठ केलेलं बोलणं ऐकताना मला लालबागची आमची खोली आठवली, रेडिओवरचा हिरवा तुकडा आठवला आणि बाबांचं ताट आठवलं. म्हणून हे लिहायला घेतलं.

आमची खोली दुसऱ्या मजल्यावर, गॅलरीच्या टोकाला. समोर गिरणीची भिंत आणि भिंतीमागे चिमणी. घरात माणसं तीनच. थोरली ताई घोडपदेवला दिलेली, ती सणासुदीला यायची. बाबा विणाई खात्यात साचेवाले होते. साचा म्हणजे लूम, कापड विणायचं यंत्र. त्या खात्यात शेकडो साचे एकदम चालत, आणि आत गेलं की शेजारच्याच्या कानात ओरडलं तरी ऐकू येत नसे. म्हणून तिथली माणसं आवाजाच्या भानगडीतच पडत नसत. ओठ हलवायचे आणि हाताने खुणा करायच्या. धागा तुटला, जॉबर म्हणजे मुकादम येतोय, चहाला चल, सगळ्याला खूण होती. एवढ्या वर्षांत बाबांचे कान जवळजवळ गेले होते, आणि ती खुणांची बोली आमच्या घरात आली होती. मी लहानपणी गॅलरीच्या या टोकावरून त्या टोकाच्या बाबांशी तोंडातून चकार शब्द न काढता बोलायचे. शेजारच्या बायका म्हणायच्या, "काय गं सुमे, बापलेकीचं कसलं कारस्थान चाललंय?" उलट बाबा तोंडाने बोलायला लागले की आख्ख्या चाळीला कळायचं आमच्याकडे आज काय शिजलंय. स्वतःचा आवाज स्वतःला ऐकू येत नसला की माणूस तो बारीक कशाला करेल?

बाबांचं जेवण ही बघण्यासारखी गोष्ट होती. मालवणकडचा माणूस, उकड्या तांदळाचा भात आणि माशाची आमटी मिळाली की बाकी जग गेलं खड्ड्यात. पहिला भात संपला की ते ताटाच्या कडेवर दोन बोटं वाजवायचे. ही साच्यावरची खूण नव्हे, त्यांची स्वतःची. आई चुलीपासूनच ओरडायची, "वाढतंय, वाढतंय! गिरणीच्या साच्याक एवढा सूत लागत नाय, जेवढो ह्येंका भात लागता!" आणि वाढायची. तेव्हा आमच्याकडे गावाकडचे चारदोन मुलगे पैसे देऊन जेवायला असत, त्यांच्यादेखत ती असं बोलायची आणि बाबा तिच्या ओठांकडे बघून हसत. दुपारी भोंगा, रात्री भोंगा, मध्ये आईची फोडणी. तिरफळं घातलेलं बांगड्याचं तिखलं, कधी कुळथाची पिठी. एवढंच आमचं घड्याळ.

आणि तो हिरवा तुकडा. मालकांच्या मोठ्या मुलीचं लग्न होतं, तेव्हा बंगल्याच्या दिवाणखान्यासाठी खास पडद्यांचं कापड गिरणीतच विणायचं ठरलं. मोरांची नक्षी. त्यासाठी खात्यातले दोनच साचे निवडले, त्यातला एक बाबांचा. त्या वेळी मी फार लहान होते, पण गोष्ट इतक्यांदा ऐकली की मी स्वतः तिथे उभी होते असं वाटतं. बाबा सांगायचे, पहिला मोर साच्यातून वर आला तेव्हा जॉबरसुद्धा बिडी विझवून बघायला आला. सुरुवातीचा एक तुकडा बिघडला, अर्धाच मोर, मान आणि पिसाऱ्याची एक बाजू. तो बाबांनी साहेबांना विचारून घरी आणला. आईने त्याला काठ शिवून रेडिओवर घातला. पाहुणे आले की ती त्यावरची धूळ झटकायची. धूळ नसायचीच, पण झटकली की पाहुणे विचारायचे, आणि मग आई सांगायची, "ह्याच कापड सेठच्या दिवाणखान्यात आसा. आमच्या ह्येंनी विणलेला." चाळीत या गोष्टीवर टिंगलही व्हायची. खालच्या मजल्यावरचा एक टारगट म्हणायचा, "काका, सेठ रोज सकाळी उठून तुमच्या मोराला दाणे टाकतो म्हणे?" बाबा ओठ वाचून मोठ्याने म्हणायचे, "टाकता! तुका नाय टाकणा!"

मग संप झाला. त्याबद्दल लिहिणारे पुष्कळ आहेत, मी लिहिणार नाही. गिरणी बंद झाली आणि उघडली नाही, एवढं पुरे. भोंगा बंद झाला. जेवायला येणारे मुलगे एकेक करून गावाला गेले. बाबांना तसा भोंगा तरी कुठे ऐकू येत होता, पण तरी ते त्याच वेळेला उठायचे, आंघोळ करायचे आणि गॅलरीत चिमणीकडे तोंड करून बसायचे. आधी बोलणं गेलं. आम्ही म्हटलं, ठीक आहे, हात तर बोलतात. मग हातही थांबले. मी समोर उभी राहून ओठ हलवायचे, "बाबा, चहा," तर ते माझ्या तोंडाकडे बघायचे आणि पुन्हा चिमणीकडे. रागावले नव्हते, रडत नव्हते. पुढ्यात वाढलेला भात खायचे आणि उठायचे. ताटाच्या कडेवर बोटं वाजणं बंद झालं. आई मुद्दाम कमी वाढून बघायची, की निदान आता तरी मागतील. नाही. जेवढं असेल तेवढं खाऊन हात धुवायचे. आई भांडी घासताना एकदाच म्हणाली, "माणूस भूक पण इसारलो गो." मला वाटतं त्या काळात आम्ही तिघंही तसेच झालो होतो. दुःख करायलाही अंगात थोडी धग लागते, ती नव्हती.

मला नोकरी मिळाली ती इंग्रजीमुळे. गिरगावातल्या खोताच्या वाडीत एक कॅथलिक बाई होत्या, आई त्यांना घरगुती मसाला कुटून द्यायची. मसाला पोचवायला जायचे मी, आणि त्या मला जिन्यात बसवून इंग्रजी वाचायला लावायच्या. त्यांच्याच ओळखीने एका प्रवास कंपनीत लागले. कंपनीच्या मॅडमनी एक सहल काढली होती, 'जुन्या मुंबईचे बंगले'. परदेशी पाहुणे, हॉटेलात उतरलेले, क्वचित आपल्याकडची हौशी मंडळी. बस गिरगावातून निघायची, समुद्राच्या कडेकडेने वर जायची आणि वाटेत तीन बंगले दाखवून वरळीला संपायची. मालक मंडळी तिथे राहत नव्हती, कुणी लंडनला, कुणी दिल्लीला. रखवालदार दार उघडायचा, मी बडबडायचे. सगळं मॅडमनी टाइप करून दिलेलं, एक शब्द इकडचा तिकडे करायचा नाही. मी पोपटासारखं म्हणायचे. संगमरवर इटलीचा, झुंबर बेल्जियमचं, पियानो लंडनचा. त्या घरांत मुंबईचं काय होतं, तर फक्त धूळ.

तिसरा बंगला कुणाचा ते मला पहिल्या दिवशी दारावरच्या पाटीवरून कळलं. बाबांचा सेठ. आत गेले, दिवाणखान्यात दोरी बांधलेली, दोरीच्या अलीकडून बघायचं. पलीकडे मोठमोठ्या खिडक्या, आणि खिडक्यांना हिरवे पडदे, आणि पडद्यांवर मोर. मी मॅडमच्या कागदाप्रमाणे म्हटलं, "पडदे फ्रान्सहून मागवलेले." म्हणता म्हणताच मनात आलं, कसले फ्रान्सचे डोंबलाचे! हे आमच्या घरचे मोर आहेत. कागद लिहिणाऱ्याला काय माहीत? दोरीपासून खिडकी लांब होती, उन्हात डोळे दिपत होते, पण मोर होते हे नक्की.

घरी येऊन बाबांच्या समोर बसले आणि ओठांनी सांगितलं, "बाबा, सेठचा बंगला बघितला. पडद्यांवर मोर आहेत." त्यांनी माझ्या तोंडाकडे बघितलं. मग हात वर केला आणि खूण केली, परत सांग. कित्येक महिन्यांनी त्यांचा हात हलला होता. मी परत सांगितलं. त्यांनी हिरवा रंग विचारला, मी हो म्हटलं. पिसारा उघडा की मिटलेला? उघडा. ते रेडिओकडे बघत राहिले. आईने हे सगळं चुलीपाशी बसून पाहिलं. बाबा झोपल्यावर ती माझ्याजवळ सरकली आणि म्हणाली, "सुमे, तेंका एकदा न्हेऊन दाखव गो. काय वाट्टेल ता कर, पण दाखव. डोळ्यांनी बघितल्यानी तर माणूस परत येतलो माझो." माझी आई कधी कुणाकडे काही मागणारी बाई नव्हती. नाही कसं म्हणणार?

मॅडम वाईट नव्हत्या. म्हणाल्या, सीट रिकामी असेल त्या दिवशी आण, मागे बसव, आणि बूट घालून येऊ देत. बाबांकडे वहाणा होत्या. बूट शेजाऱ्यांकडून आणले, एक नंबर मोठे. आईने पांढरा शर्ट इस्त्री केला, तांब्यात निखारे घालून, कारण इस्त्री विकली होती. निघताना तिने रेडिओवरचा तुकडा घडी करून बाबांच्या खिशात घातला. "ताळो करून बघा हां," असं तोंडाने म्हणाली आणि हाताने समजावलं, हे त्याला लावून बघा. बाबांनी खिशावर हात ठेवला. बसमध्येही तो हात तिथेच होता.

पहिले दोन बंगले त्यांनी बसमधूनच बघितले, उतरलेच नाहीत. तिसऱ्याला सगळ्यांच्या शेवटी उतरले आणि दाराच्या बाहेर बूट काढून ठेवले. मी त्यांना हातानेच म्हटलं, राहू देत पायात, इथे चालतं. त्यांनी मान हलवली. दसऱ्याला गिरणीत बायकापोरांना आत सोडायचे, साच्यांना झेंडूच्या माळा घातलेल्या असायच्या, तेव्हाही बाबा चपला बाहेर काढूनच आम्हाला खात्यात न्यायचे. स्वतः विणलेलं कापड बघायला आलेला माणूस बूट घालून कसा जाईल? पण आत आलेल्या बाकीच्यांना हे कुठून कळावं! पांढरा शर्ट, अनवाणी पाय, दाराशी उभा म्हातारा. एका उंच गोऱ्या बाईने आपली हॅट काढून त्यांच्या हातात दिली आणि पुढे गेली. बाबांनी ती दोन्ही हातांनी नीट धरली. मी तिच्यापाशी गेले आणि तिला इंग्रजीत सांगितलं, "ते माझे वडील आहेत. या घराच्या मालकांच्या गिरणीत होते." ती "ओ, आय अ‍ॅम सो सॉरी" म्हणाली, हॅट घेतली आणि बाबांना म्हणाली, किती छान. बाबांनी मान लववली. मला त्या वेळी लाज वाटली की राग आला हे आजही सांगता येणार नाही. दोन्ही यायला हवी होती.

मग दिवाणखाना. मी दोरीपाशी, पाहुण्यांकडे तोंड करून बोलत होते, आणि सगळ्यांच्या मागे बाबा. इटलीचा संगमरवर झाला, झुंबर झालं. पडद्यांपाशी आल्यावर मी फ्रान्सचं वाक्य गाळलं. पहिल्यांदाच गाळलं. म्हटलं, "आणि हे पडदे," आणि थांबले. सगळे पडद्यांकडे बघत होते, मी बाबांकडे. ते एक पाय पुढे टाकून, मान वाकडी करून बघत होते, खात्यात कापडाचं थान तपासताना बघत असणार तसे. खूप वेळ बघितलं. मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि एवढ्या माणसांच्या डोक्यांवरून, आवाज न करता, ओठांनी म्हणाले, "माझो न्हय."

मी हाताने विचारलं, नक्की? त्यांनी अंगठा बोटांवर घासला. रेशीम. मग पुन्हा ओठांनी, "बाहेरचो." म्हणजे मॅडमचा कागद खरा होता आणि आमच्या घरातली इतक्या वर्षांची गोष्ट खोटी. माझं तोंड आपलं चालूच होतं, पियानोबद्दल काहीतरी सांगत होतं. मनात एकच, आता हा माणूस घरी जाऊन पुन्हा चिमणीकडे तोंड करून बसणार, आणि या वेळी कायमचा. आणि ते मीच केलं असणार, कारण मोर आहेत म्हणून सांगितलं मी. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

तेवढ्यात त्या हॅटवाल्या बाईने बाथरूम कुठे म्हणून विचारलं. पाहुण्यांना मागच्या अंगाचं, नोकरांचंच दाखवायचं असा नियम होता. मी तिला घेऊन स्वयंपाकघराच्या बोळातून मागे गेले. बाबा माझ्यामागून आले, का ते माहीत नाही, मी दिसेनाशी होऊ नये म्हणून असेल. बोळाच्या शेवटी संडासाच्या आधी एक पडदा होता. ती बाई तो बाजूला सारून आत गेली. पडदा पुन्हा जागेवर आला, आणि मी बघितलं, त्यावर मोर होते. विटून पिवळट झालेले, खालच्या बाजूला कमरेच्या उंचीवर काळपट, कारण येणारा जाणारा तिथे हात पुसत असणार. पण तीच मान, तोच पिसारा. मी मागे वळून बाबांकडे बघितलं. त्यांना माझ्याआधी दिसला होता.

रखवालदार तिथेच स्टुलावर बसला होता. मी विचारलं, "हा पडदा इथे कधीपासून?" त्याच्या तोंडात तंबाखूचा बार, तो बाहेर न सांडता म्हणाला, "पैल्यापासून. मोठ्या बाईसाहेबांनी गिरणीतून इनून घेतला हुता. दिवानखान्यात लावला, दोन दिवसांत काढला. म्हनल्या, कापूस तो कापूसच. मग फॉरेनचे आनले." त्याचे ओठ मिटलेले, मिशी खाली आलेली, बाबांना त्यातलं काही वाचता येणं शक्य नव्हतं. त्यांनी मला खूण केली, काय म्हणतो? मी ओठ सावकाश हलवून सांगितलं, "म्हणतो, पक्कं कापड. इतकी वर्षं झाली, कुठे उसवलं नाही." बाबांनी मान डोलावली. शाबासकी मिळाली की डोलावतात तशी.

ती बाई बाहेर आली, ओले हात झटकले, टॉवेल कुठे दिसेना म्हणून पडद्याला पुसले, माझ्याकडे बघून हसली आणि निघून गेली. तिचंही काय चुकलं, पडदा त्याचसाठी तिथे होता. बाबा पुढे झाले. त्यांनी खिशातून तुकडा काढून पडद्याला लावला. रेडिओवरचा हिरवागार, हा मेलेल्या पानाच्या रंगाचा. ताळा जुळला. त्यांनी तुकडा घडी करून परत खिशात घातला. मग वर हात करून पडद्याच्या दोन कड्या अडकल्या होत्या त्या सरकवल्या, चुण्या सारख्या केल्या आणि काठावरून बोट खालपर्यंत ओढत नेलं. ओल्या डागापाशी बोट थांबलं नाही, तसंच पुढे गेलं. रखवालदार म्हणाला, "आजोबा, ऱ्हाऊ द्या की." त्यांना ऐकू आलं नाही.

बसमध्ये मी त्यांच्या शेजारी बसले. मॅडमच्या नियमात ते बसत नव्हतं, पण त्या दिवशी नियम पाळायची ताकद नव्हती. त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. वरळीला सहल संपली. तिथून दुसरी बस धरून लालबागला उतरलो. बूट त्यांच्या हातात होते, पायात घातलेच नाहीत.

आईने सकाळीच कोळणीकडून बांगडे घेतले होते. तिने उधारीवर घेतले की कसे हे मी विचारलं नाही. तिखल्याचा वास जिन्यापर्यंत आला होता. आम्ही हातपाय धुतले, बाबा पाटावर बसले, तिने ताट वाढलं आणि समोर बसली. तिला धीर नव्हता, पण तिने त्यांना दोन घास खाऊ दिले. मग ओठ आणि हात दोन्हीने विचारलं, "बघितलात?"

बाबांनी घास गिळला आणि बोलले. हाताने नाही, तोंडाने. त्यांचा तो खात्यातला आवाज, जो आम्ही वर्षभर ऐकला नव्हता, खोलीतून गॅलरीत आणि गॅलरीतून खालच्या मजल्यापर्यंत गेला. "आसा! अजून आसा! दिवाणखान्यात लावल्यानी, समोरच्या मोठ्या खिडकेक!"

आई बघतच राहिली. बाहेर कुणाची तरी कपबशी वाजायची थांबली. शेजारच्या काकू दारात आल्या, "काय झालं गं? काका बोलले?" आईने त्यांच्याकडे लक्ष दिलं नाही. तिने तोंड माझ्याकडे फिरवलं. तिच्या डोळ्यांत पाणी होतं आणि संशयही होता. तिने या माणसासोबत इतकी वर्षं काढली होती, त्याचा खोटेपणा तिला आवाजात कळत नसे, कारण आवाज नेहमीच तेवढाच. म्हणून ती मला विचारत होती. "सुमे, खरा काय गो?"

बाबांचा हात भातात थांबला होता. आईने तोंड वळवल्यामुळे ती काय बोलली हे त्यांना दिसलं नसणार, पण तिने मला काय विचारलं असेल ते कळायला ओठ लागत नाहीत. ते माझ्या तोंडाकडे बघत होते. त्या नदीकाठच्या वाड्यात मी त्या पोरीच्या तोंडाकडे बघत होते ना, ते इथलं होतं. समोरचा आता काय म्हणणार यावर आपलं सगळं असतं, आणि आपल्याला ऐकू येत नसतं. मी ओठ अगदी सावकाश हलवले. मोठ्यानेही बोलले, म्हणजे आईला आणि दारातल्या काकूंनाही ऐकू जावं. "हो आई. दिवाणखान्यात, अगदी समोर. सगळे पाहुणे आधी त्याच्याचकडे बघतात."

आईने पदर डोळ्यांना लावला आणि काकूंना म्हणाली, "सांगी नव्हतंय मी?" मग उठून बाबांच्या खिशातून तुकडा काढला, झटकला आणि रेडिओवर नीट पसरला. ती पाठमोरी असताना बाबांनी माझ्याकडे अजून एक क्षण बघितलं. मग मान खाली घातली, उरलेला भात संपवला, आणि ताटाच्या कडेवर दोन बोटं वाजवली.